कुठल्याच घराची नाही

५ ऑगस्ट

डार्बी,

मी टरबुजांच्या ढिगाआड खाली बसले ती तुम्ही सगळ्याजणी दुकानाबाहेर पडेपर्यंत उठलेच नाही. दुकानदार आला. "काही हरवलं का, मॅडम?" मी म्हटलं, "हो, कानातलं." मग तोही बिचारा माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून शोधायला लागला. माझ्या दोन्ही कानांत कानातली होती.

तू मला पाहिलंस. तुझी नजर ढिगावर आली, जराशी थांबली आणि बर्फाच्या पिशव्यांकडे वळली. घराच्या मुख्य मुलीने करायला हवं तेच केलंस. सटनने हाक मारायला तोंड उघडलं होतं. तिच्या पायावर पाय दिलास का? तिचा चेहरा तसा झाला होता.

नियम मला पाठ आहे. रश, म्हणजे नव्या मुलींची निवड, संपेपर्यंत मार्गदर्शक मुलगी कुठल्याच सॉरोरिटीची, कॉलेजातल्या मुलींच्या कुठल्याच घराची नाही. घराचा बिल्ला नाही, घरचा सदरा नाही, बहिणींशी बोलणं नाही. नव्या मुली घरं पाहत हिंडतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कोणीतरी असं हवं की ज्याला कुठलंच घर नाही. हे योग्यच आहे. प्रत्येक घरातून एकीने जायचं असतं. आपल्या बैठकीत कोणीच हात वर करेना, म्हणून मी केला. ती शांतता मला सहन होत नव्हती, एवढंच. त्याला त्याग वगैरे म्हणू नका.

पण वसतिगृहाची ही खोली नेमकी आपल्या रस्त्यावर आहे. काल दुपारी तुम्ही दाराचं गाणं घोळवत होतात. खिडकी बंद होती, तरी ऐकू आलं. दुसऱ्या कडव्यानंतर टाळी येते, तिथे माझे हात आपोआप उठले. समोर दुसऱ्या एका, विटांच्या घराची मार्गदर्शक बसली होती. मी डास मारल्यासारखं केलं.

हे आपलं शेवटचं वर्ष. मेमध्ये सगळ्या पांगणार. त्यातला हा महिना मी हात वर करून देऊन टाकला.

फोनवर काही लिहू नकोस, रशच्या ऑफिसातले तपासतात. घर सांभाळणाऱ्या आपल्या मिस वॉन्डा संध्याकाळी कुत्र्याला घेऊन या बाजूला येतात. पत्र न्याल का, असं विचारलं तर म्हणाल्या, "मी घराची आई आहे, पोस्टमन नाही." आणि पिशवी उघडून पुढे धरली.

लिही. काहीही लिही. पिवळं दार अजून करकरतं का, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

हॉलिस

&nbsp;

७ ऑगस्ट

हॉलिस,

पुढल्या वेळी बटाट्यांच्या पोत्यांमागे बस. केसांचा रंग तरी जुळेल.

हे पत्र लिहिणं चूक आहे. मुख्य म्हणून हे एकदा लिहिलं. आता पुढचं लिहिते.

दार करकरतं. तुझ्या पलंगावर सटनने फुग्यांची खोकी रचली. मी हलवली. तिने परत ठेवली. मी जेवणघरात सगळ्यांसमोर ओरडले, "ती काय मेली आहे का?" चमचे थांबले. मुख्य झाल्यापासून मी पहिल्यांदाच आवाज चढवला, आणि तोही एका पलंगासाठी. सटन म्हणाली, "बाई, रिकामा पलंग आहे, देव्हारा नाही." पण खोकी उचलली.

मुख्यालयाचा कागद आला आहे. प्रत्येक घराने आपल्या एका उत्कृष्ट बहिणीचं नाव कळवायचं. तिचे गुण, तिचं नेतृत्व, घरासाठी तिने केलेलं काम. मी तुझं नाव घालणार. पण पहिल्या वाक्यापलीकडे जात नाही. 'हॉलिस कधीही मुख्य नव्हती' असं ते वाक्य आहे. हे स्तुती म्हणून कसं पुढे न्यायचं?

मिसेस ट्रॅमेल रोज येतात. जुन्या बहिणींच्या वतीने. हातात जेलीचं सॅलड आणि तोंडात मुलींच्या आज्यांची नावं. आई कोण, आजी कोण, आपल्या घरच्या कितीजणींनी शिफारस लिहिली. काल मी म्हटलं, शिफारस नसलेल्या मुलींकडेही बघू. त्या माझा गाल थोपटून म्हणाल्या, "डार्बी, राणी, घर म्हणजे काही धर्मशाळा नाही." मी सॅलड उचलून आत नेऊन ठेवलं. तू असतीस तर दोन शब्दांत त्यांना थांबवलं असतंस आणि वर सॅलडची कृती विचारून घेतली असतीस. मी बैठकीत कपावर चमचा वाजवते. तेवढंच माझं नेतृत्व.

मला एक सांग. मी कशी मुलगी शोधू? नाव नको. नाव सांगितलंस तर आपण दोघी गेलो. नुसतं कशी ते सांग.

डार्बी

&nbsp;

१२ ऑगस्ट

डार्बी,

दिवसभर उन्हात चालतो. एका दारातून दुसऱ्या दारात. माझ्या पिशवीत टाचण्या, पट्ट्या, कापूस, पंखा आणि रडणाऱ्यांसाठी पेपरमिंट. मुली विचारतात, "तुम्ही कुठल्या घरच्या?" मी सांगते, "आईच्या." आधी हसतात. तिसऱ्यांदा विचारलं की चिडतात.

पिवळ्या दारापुढे मी रोज उभी राहते. दार उघडतं, तुम्ही एकीवर एक चेहरे रचून गाता, मुली आत जातात, दार बंद होतं. मी बाहेर झाडाखाली. आतून बशांचा आवाज येतो. कोण कुठल्या कोपऱ्यात उभं आहे, कोणाच्या हातात चहाचा जग आहे, कोण आत्ता जिन्याखाली जाऊन पाय मोकळे करतं आहे, सगळं मला दिसतं. हे असं दिसणं चांगलं नाही. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहते.

तू विचारलंस, कशी मुलगी.

काल तुमच्याच दारापुढची गोष्ट. रांग पायऱ्यांपाशी पोचली आणि एकीला पाऊल पुढे टाकवेना. डोळ्यांत पाणी. मी पिशवी उघडेपर्यंत तिच्या मागची खाली बसली, स्वतःचे बूट काढले, तिच्या पायात घातले आणि तिचे आपल्या पायात चढवले. म्हणाली, "चल. रडायचंच तर बाहेर आल्यावर रडू, दोघी." तोवर तुम्ही दार उघडलंत. आत गेल्यावर तिने हे कोणाला सांगितलं नसणार. बाहेर आल्यावरही काही बोलली नाही.

अशी. पुढे उभ्या राहणाऱ्या तुला खूप मिळतील. खाली बसणारी शोध. नाव सांगत नाही. पण तुला डोळे आहेत.

मुख्यालयाला काय लिहायचं ते सोपं आहे. लिही, 'तिला आपलं घर फार आवडतं.' याहून मोठा गुण मला माझ्यात सापडत नाही. बाकी सगळं त्यातून येतं, चुकासुद्धा.

हॉलिस

&nbsp;

१४ ऑगस्ट

हॉलिस,

ओळखली! त्या दिवशीच्या सगळ्या मुली आठवल्या, सगळ्यांचे पाय आठवले, आणि ओळखली.

काल संध्याकाळच्या बैठकीत तिचं नाव आलं तेव्हा मिसेस ट्रॅमेलनी कागद उलटा ठेवला. "शिफारस नाही. हिला आपल्यापैकी कोणी ओळखतसुद्धा नाही." मी चमचा शोधायला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. उभी राहिले.

मी म्हटलं, "आपण दरवर्षी विचारतो, ही कोणाची मुलगी. यंदा एकदा विचारू या, ही रांगेत उभी असताना काय करते." त्या म्हणाल्या, "म्हणजे काय करते?" मी म्हटलं, "दुसऱ्या मुलीकडे बघते." पुढचं नीट आठवत नाही. सटनने टेबलाखाली माझा हात धरला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मुख्य बरोबर बोलते आहे." मुख्य म्हणजे कोण, हे कळायला मला जरा वेळ लागला.

मिसेस ट्रॅमेल शेवटी म्हणाल्या, "ठीक. बिनशिफारशीची एक. एकच, राणी." मी म्हटलं, "एकच पुरे."

ती येणार, हॉलिस. तुझी मुलगी येणार. आणि हे तू बाहेर उभी राहून केलंस. मुख्यालयाचा कागद आज लिहून पाठवला. सगळा एका बैठकीत झाला.

शनिवारी दुपारी शेवटची फेरी, मेणबत्त्या घेऊन गोलात उभं राहायचं. पडदे आत्ताच लावून बघितले. तुझ्या जागी कोणाला उभं करायचं ते ठरेना, म्हणून ती जागा मोकळीच ठेवली आहे. गोलात फट दिसते. दिसू दे.

डार्बी

&nbsp;

१६ ऑगस्ट, शनिवार दुपार

डार्बी,

झालं. मुलींनी पसंतीची घरं लिहून चिठ्ठ्या आत दिल्या. आता नाव लिहिलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून लिहिते. जोनेल. तिच्याविषयी लिहायचं इतके दिवस हातात अडकून होतं.

तिची आई शाळेची बस चालवते. फ्रॉक मावशीने शिवला. मावशी म्हणाली होती, "त्या मोठ्यांच्या दारात तुला कोण विचारतंय?" कोणीच बोलावलं नाही तर सोमवारी आईला बोलावून घ्यायचं, घराजवळच्या कॉलेजात जायचं, असं तिने मनाशी ठरवलं आहे. मला हे अगदी सहज सांगितलं, जसं कोणी पावसाचं सांगतं.

आज ती दोन्हीकडे जाऊन आली. विटांच्या घरात आणि आपल्याकडे. आपल्याकडून बाहेर पडली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "आत कोणीतरी खदखदून हसलं आणि लगेच तोंडावर हात दाबला. आमच्या घरी असंच हसतात."

मग चिठ्ठी. दोन ओळी, दोन घरं. तिने पहिली ओळ भरली आणि पेन थांबवलं.

मी म्हटलं, "दोन्ही ओळी भर. एकच भरलीस आणि त्या घराने घेतलं नाही, तर हातात काही राहत नाही." हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

"विटांच्या मुली चांगल्या आहेत. त्या घेतील मला. पण दुसरं लिहिलं की पहिलं कमी हवं आहे असं नाही का होत?"

"तसं होत नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला सांगता येत नाही, जोनेल."

"तुम्ही हसताय."

"मी हसत नाही."

"हसताय, मॅडम." आणि तिने पेनाला टोपण लावलं.

मी हसत होते, डार्बी. तुझं पत्र खिशात होतं.

उद्या सकाळी हिरवळीवर मुली पाकिटं उघडतील, आम्ही वरचे सदरे काढू आणि खालून आपापल्या घराचे रंग दिसतील. मग सगळ्या आपल्या दाराकडे धावतील. मी जोनेलबरोबर धावणार आहे. पायऱ्यांवर आपटले तर उचला. इतके दिवस मी त्या झाडाखालून ते दार पाहिलं. उद्या मला ते आतून बंद करायचं आहे.

हॉलिस

&nbsp;

१६ ऑगस्ट, लगेच

हॉलिस,

जोनेल?

बूट दिले ती प्रेस्ली ना? ओहायोकडची, निळ्या रेशमी फ्रॉकची. त्या फ्रॉकखाली सपाट काळे बूट होते, टाचेला झिजलेले. मी तुझं पत्र वाचलं आणि म्हटलं, हीच. हिने आपले महागाचे बूट कोणा गरीब मुलीला दिले, आणि तिचे स्वतः घालून आली. आणि ती दुसरी, घरी शिवलेल्या फ्रॉकची, उंच टाचांवर डगमगत होती. सटन कानात म्हणाली, "बूट आईचे दिसतात." आम्ही हसलो. मला वाटलं, पायऱ्यांपाशी हिचाच धीर सुटला असणार. आपल्या जुन्या बुटांची लाज वाटली असणार.

लाजच असणार, दुसरं काय असणार, असं मला वाटलं. या घरात तीन वर्षं काढल्यावर दुसरं काही सुचलंच नाही.

मी प्रेस्लीला विचारलंही, "बूट कुणाचे?" ती लाल झाली. मला वाटलं, विनय.

यादी दुपारीच गेली. प्रेस्ली पहिल्या ओळीत आहे. 'बिनशिफारशीची एक' ती. जोनेलचं नाव माझ्याच हाताने रेघेखाली, न घ्यायच्या मुलींत घातलं. मिसेस ट्रॅमेलनी विचारलं, "ही?" आणि मी म्हटलं, "ही नसली तरी चालेल."

मी काय करू? यादी आता उघडत नाहीत. मी फोन उचलून परत ठेवला. मिस वॉन्डा दारात उभ्या आहेत आणि म्हणतात, "कुत्रा आता चालायला तयार नाही, मी एकटीच जाते." तू सांग. तू सांगशील ते करते.

डार्बी

&nbsp;

१६ ऑगस्ट, संध्याकाळ

डार्बी,

पायांना फोड आले होते. प्रेस्लीच्या. नव्या टाचांमुळे. एवढंच होतं ते. मी लिहिलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

प्रेस्लीला काही बोलू नकोस. आपली कशासाठी स्तुती झाली हे तिला ठाऊकही नाही. तिला जप. ती तुझी झाली आहे.

नियमांच्या पुस्तकात एक कलम आहे. मार्गदर्शक मुलीला घराची आतली खबर होती आणि तिच्यामुळे मुलीने चिठ्ठी भरली असं कळलं, तर ती चिठ्ठी रद्द होते आणि मुलगी दुसरी भरते. ऑफिस अजून उघडं आहे. विटांच्या घरच्यांना जोनेल हवी आहे. दुसरी ओळ भरली की तिला घर मिळतं.

त्याच कलमात मार्गदर्शक मुलीचं काय होतं तेही आहे. ती घराची राहत नाही. तिचा बिल्ला परत घेतात. कायमचा.

मी दोनदा वाचलं. दुसरं काही निघत नाही त्यातून.

तिथे मी सांगणार आहे, की मी घराला पत्रं लिहिली आणि मला उत्तर आलं नाही. घरातल्या बैठकीचं मी खिडकीशी उभं राहून ऐकलं. तुला विचारलं तर तूही तसंच सांग. तू तोंड उघडलंस तर घर बंद होईल, वर्षभर, आणि उद्या धावत येणाऱ्या मुलींना दार राहणार नाही. तू मुख्य आहेस. माझी पत्रं जाळून टाक. मुख्यालयाचा कागद परत मागव.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. त्या बैठकीत तू बोललीस ते खरं होतं. शब्द बरोबर होते, मुलगी चुकली. चूक पत्राची आहे. पुढल्या वेळी पुन्हा तसंच बोल.

मला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. फक्त उद्याची सकाळ परत परत दिसते. हिरवळ, पायऱ्या, तुम्ही सगळ्या. मी कुठे उभी राहू ते कळत नाही, म्हणून आईला यायला सांगितलं आहे. उजाडायच्या आत निघू. गाडी मागच्या रस्त्याने न्यायला सांगणार होते. पण एकदा दारासमोरून जाऊ देत. तुम्ही झोपलेल्या असाल.

आणि गंमत अशी की आता तुझ्याशी बोलायला मला कुठलाच नियम आडवा येत नाही. मी बाहेरची झाले. कधीही फोन कर. पण आज नको.

हॉलिस

&nbsp;

१७ ऑगस्ट, रविवार

हॉलिस पोरी,

वॉन्डा लिहिते आहे. हे तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवते.

आज सकाळी हिरवळीवर पाकिटं उघडली. जोनेलला विटांच्या घराचं बोलावणं आलं. इकडेतिकडे पाहत होती, तुला शोधत असावी. मग त्या घरच्या दोघी तिच्याकडे धावत आल्या आणि तिला मध्ये घेऊन गेल्या. पायऱ्या चढताना ती हसत होती, हे मी स्वतः पाहिलं.

प्रेस्ली आपल्याकडे आली. डार्बीने दारात तिला मिठी मारली. गाणं डार्बीनेच सुरू केलं. आवाज बसला होता तरी शेवटपर्यंत म्हटलं. शेवटची मुलगी आत आल्यावर डार्बीने आपला बिल्ला काढून सटनच्या हातात ठेवला. सटन म्हणाली, "हे काय नाटक आता?" डार्बी म्हणाली, "आजपासून तू बघ."

मग वर जाऊन तुझी पत्रं घेऊन आली. जाळली नव्हती. मिसेस ट्रॅमेल दारात आडव्या आल्या आणि म्हणाल्या, "राणी, घराचा विचार कर." ती म्हणाली, "तोच करते आहे. उत्तरं मी लिहिली, घराने नाही."

मी म्हटलं, "आधी दोन घास खाऊन जा." म्हणाली, "आल्यावर." आणि पत्रं घेऊन ऑफिसकडे चालत गेली.

आता दुपार झाली. ती अजून आलेली नाही. ताट झाकून ठेवलं आहे.

वॉन्डा